लग्नासाठी धर्म बदलावा लागतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात रजिस्टर लग्नावर लिहिलं आणि तेव्हापासून पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येतच आहेत. बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, मुलगा-मुलगी वेगळ्या धर्मातले असले तर कुणी कुणाचा धर्म घ्यायचा. पाठवणाऱ्यांची नावं काढून टाकलीत, मजकूर थोडा कापलाय, बाकी भाषा ज्याची त्याची ठेवलीये.

प्रश्न: ताई, माझा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, त्याने वसईच्या कॅथलिक मुलीशी लग्न ठरवलंय. सुरुवातीला मला नाही पटलं, पण आता मुलगी मनापासून आवडते. आमचे मोठे दीर म्हणतात आधी मुलीचं शुद्धीकरण करून घ्या, नाव बदला, मग वैदिक पद्धतीने लावू, नाहीतर ते लग्नच नाही. मुलगी म्हणते आई तुम्ही म्हणाल तसं. पण तिची आई फोनवर रडली. कायद्याने हे करावंच लागतं का? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: नाही हो, अजिबात करावं लागत नाही. तुमच्या दिरांचं अर्धं म्हणणं मात्र कायद्याला धरून आहे, ते आधी सांगते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागतो, आणि त्यात बौद्ध, जैन, शीख पण येतात. हिंदू मुलगा आणि ख्रिश्चन मुलगी यांनी धर्म न बदलता नुसते देवळात हार घातले, सप्तपदी केली आणि या कायद्याखाली नोंदणी केली, तर ते लग्न टिकत नाही. सुप्रीम कोर्टाने २००८ च्या डिसेंबरमध्ये आंध्रच्या एका केसमध्ये हेच सांगितलं, देवळात लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, नोंदणीही झाली होती, तरी रद्द. म्हणून तुमचे दीर म्हणतात तसं वैदिक पद्धतीने लावायचं आणि हिंदू म्हणून नोंदवायचं असेल तर तिला खरोखर हिंदू व्हावं लागेल.

पण तो एकच रस्ता आहे असं कुणी सांगितलं? १९५४ चा विशेष विवाह कायदा याच्यासाठीच आहे. दोघं आपापल्या धर्मात राहतात, दोघांपैकी एकजण तरी ज्या जिल्ह्यात तीस दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार घेऊन जायचं आणि सही करायची. लग्न पक्कं. त्यानंतर तुम्ही हॉलमध्ये मंगलाष्टकं म्हणा, अक्षता टाका, त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना करा, कुणी अडवत नाही. तिच्या घरच्यांना चर्चमध्येच लग्न हवं असेल तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं, तुमच्या मुलाला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही, चर्च त्यासाठी बिशपची परवानगी घेतं.

"नाहीतर ते लग्नच नाही" हे वाक्य मला लागलं, म्हणून जरा लांब सांगते. १८७२ साली आपल्याकडे पहिल्यांदा रजिस्टर लग्नाचा कायदा आला, बंगालमधल्या केशवचंद्र सेनांच्या ब्राह्मो लोकांनी खूप खटपट केली म्हणून आला, पण त्यात अट अशी घातली की दोघांनीही लिहून द्यायचं, मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख, जैन कुणीच नाही. म्हणजे जातीबाहेर लग्न करायचं तर आधी धर्म नाकारा. पंडिता रमाबाईंनी १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी याच कायद्याने लग्न केलं, त्या चित्पावन आणि ते बंगाली कायस्थ, दुसरा रस्ताच नव्हता. संस्कृत शास्त्रांत एवढी पारंगत बाई, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलं, तिला लग्नासाठी आपल्या धर्माचं नाव घेता आलं नाही. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये ही अट हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती सुटली, तरी असं लग्न केलं की मुलगा एकत्र कुटुंबातून बाहेर, आणि दुसरा मुलगा नसेल तर बापाला त्याच्या जागी दत्तक घ्यायची मोकळीक. १९५४ मध्ये कुठे ती जुनी घोषणा पूर्ण गेली. बघा, ब्याऐंशी वर्षं लागली, कशासाठी, तर लग्न करताना कुणालाही आपला धर्म सोडल्याचं तोंडाने बोलायला लागू नये म्हणून. आणि आज आपण घरात बसून वसईच्या मुलीला तेच बोलायला लावतोय.

एका घरात दोन धर्म कसे नांदतील ही काळजीही तुमच्या पत्रात पुढे आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या त्याही स्वतःचं सोवळं सांभाळून, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने, कुणी न सांगता ख्रिस्ती झाल्या. एकशे पंचवीस वर्षांपूर्वी नाशिक-नगरकडच्या एका कर्मठ ब्राह्मण घरातल्या बाईला जे जमलं ते आपल्याला दोन मोबाईल आणि एक फ्रिज असलेल्या फ्लॅटमध्ये का जमू नये. वसईकडचे ख्रिस्ती मराठीच बोलतात, मराठीत मिसा होते, लग्नाला मांडव घालतात. ती मुलगी तुम्हाला वाटते तेवढी लांबून येत नाहीये.

मुलीला मनापासून हिंदू व्हायचंच असेल तर तो तिचा हक्क आहे, आणि त्यासाठी मोठ्या विधीचीही गरज नाही, १९७० मध्ये तमिळनाडूच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की खरी इच्छा आणि त्याप्रमाणे वागणं पुरेसं आहे. पण "आई तुम्ही म्हणाल तसं" ही इच्छा नाही. ते सुनेचं लाजणं आहे, घरात जागा मिळावी म्हणून दिलेला होकार आहे, त्याच्यावर धर्म बदलून घेऊ नका.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली, ही कुणी सांगत नाही. हिंदूने ख्रिश्चनाशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं की तो एकत्र कुटुंबापासून कायद्याने विभक्त होतो, त्याचा हिस्सा बुडत नाही पण वेगळा होतो, आणि पुढे त्याच्या मिळकतीला भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात बायको आणि मुलं असतील तर आईला काही मिळत नाही, एक तृतीयांश बायकोला आणि दोन तृतीयांश मुलांना. मुलाला सांगा लग्न झाल्यावर लगेच मृत्युपत्र करून ठेव. आणि तिच्या आईला तुम्ही स्वतः फोन करा, मुलाला लावायला सांगू नका, तुम्ही करा.

प्रश्न: मी बौद्ध आहे, नागपूरची, नोकरी करते. तो हिंदू तेली. त्याच्या घरचे लग्नाला तयार आहेत पण म्हणतात सप्तपदी आणि होम झालंच पाहिजे, आणि स्टेजवर बाबासाहेबांचा फोटो नको, नातेवाईक बोलतील. माझे बाबा म्हणतात विधी बौद्धच होणार. माझ्या जातीच्या दाखल्याचं काय होईल तेही सांगा. – एक वाचक, नागपूर

उत्तर: आधी सोपं ते. बौद्ध आणि हिंदू यांचं लग्न हिंदू विवाह कायद्यात बसतं, दोघांपैकी कुणालाच धर्म बदलायचा नाहीये. आणि कलम ७ म्हणतं की दोघांपैकी कुठल्याही एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी झाला तरी चालतो. सप्तपदी सगळ्यांना सक्तीची नाही, ज्यांच्या रूढीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातव्या पावलाला पूर्ण होतं एवढंच कायद्यात लिहिलंय. त्रिशरण-पंचशील घेऊन बौद्ध पद्धतीने लावा, फोटो काढा, पत्रिका जपून ठेवा, नोंदणी करा. पुढे कुणी विधीवरून वादच काढू नये असं वाटत असेल तर विशेष विवाह कायद्याखाली करा, म्हणजे विधीचा प्रश्नच संपतो, आणि दोघंही हिंदू-बौद्ध असल्यामुळे वारसा हिंदू कायद्यानेच राहतो, वर सांगलीच्या ताईंना सांगितली ती अडचण तुम्हाला नाही.

दाखला: जात जन्माने मिळते, लग्नाने बदलत नाही, तुमचा दाखला तुमचाच. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राकडून १९९० मध्ये मिळाल्या, त्याही तशाच. आंतरजातीय लग्नासाठी राज्याची पन्नास हजारांची योजना आहे, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन अर्ज आणि अटी दोन्ही बघून घ्या.

आता फोटोचं. याबाबतीत मी तुमच्या बाबांच्या बाजूने आहे आणि स्पष्टपणे आहे. बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, तुमच्याच शहरात. मध्ये एकवीस वर्षं गेली. एवढी वर्षं वाचन, विचार, लोकांशी बोलणं, आणि याच काळात त्यांनी हिंदू बायकांसाठी हिंदू कोड बिल लिहिलं, घटस्फोट, वारसा, एकपत्नीत्व सगळं त्यात होतं, ते अडवलं गेलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. आज तुमच्या होणाऱ्या सासूबाईंना नवऱ्याच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीने वाटा आहे, त्यांच्या नवऱ्याला दुसरी बायको आणता येत नाही, हे कुणामुळे? त्यांना हे तुम्हीच सांगा, भांडणाच्या सुरात नको, चहा पिताना सांगा. त्या बाईंच्या हक्कांसाठी ज्यांनी राजीनामा दिला त्यांचा फोटो स्टेजवर असण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि एक मोठी बहीण म्हणून सांगते. लग्नाच्या दिवशी जे लपवायला सांगतात ते पुढे रोज लपवायला लागतं, आडनाव विचारलं की विषय बदलायचा, चौदा एप्रिलला माहेरी जाताना दुसरं कारण सांगायचं. मुलाशी आत्ताच बोला. तो स्वतः घरच्यांसमोर उभा राहतो का ते लग्नाआधी कळलेलं बरं.

प्रश्न: माझ्या बहिणीचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर राहतो. आता त्याने धर्म बदलून मुसलमान झाल्याचा कागद आणलाय आणि म्हणतो माझं पहिलं लग्न संपलं, मला चार चालतात. बहिणीला दोन मुलं आहेत. आम्ही काय करू शकतो? – नाशिकहून एक भाऊ

उत्तर: त्याचं लग्न संपलेलं नाही. नुसता धर्म बदलून हिंदू लग्न मोडत नाही, कोर्टाने मोडेपर्यंत ते राहतं, आणि ते असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल आहे आणि गुन्हाही आहे. सुप्रीम कोर्टाने सरला मुद्गल केसमध्ये १९९५ ला हे सांगितलं आणि लिली थॉमस केसमध्ये २००० ला परत पक्कं केलं. आधी भारतीय दंड विधानाचं कलम ४९४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. इस्लाम त्याने श्रद्धेने घेतलेला नाही, बहिणीला फसवायला घेतलाय, यात मुसलमान समाजाचाही अपमान आहे हे कोर्टानेही ओळखलंय.

आपल्या मुंबई प्रांताने तर १९४६ मध्येच हिंदूंना दुसरी बायको करायची बंदी घातली होती, देशाच्या नऊ वर्षं आधी. एका माणसाने त्याला हायकोर्टात आव्हान दिलं, फक्त हिंदूंनाच का म्हणून, तीच १९५१ ची नरसू अप्पा माळी केस, न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. सुधारणा टप्प्याटप्प्याने करायला सरकारला मोकळीक आहे असं म्हणाले.

पण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची केस वेगळीच आहे, भाऊराव लोखंडे, १९६५, महाराष्ट्रातलीच. त्याने दुसरं लग्न केलं, सगळ्यांना माहीत होतं, तरी सुप्रीम कोर्टातून सुटला, कारण दुसऱ्या लग्नात आवश्यक ते विधी झाले हे सिद्ध झालं नाही. एकत्र राहतात, गावभर नवरा-बायको म्हणून फिरतात एवढ्याने दुसऱ्या लग्नाचा गुन्हा सिद्ध होत नाही. म्हणून पुरावा जमवा. निकाह झाला असेल तर निकाहनामा, काझी कोण, साक्षीदार कोण, फोटो, व्हिडिओ, पत्रिका, हॉलची पावती. तो फेसबुकवर टाकत असेल तर तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, उद्या डिलीट करेल.

पोलीस ठाण्यात गेलात तर बहुधा परत पाठवतील, कारण हा अदखलपात्र गुन्हा आहे, तक्रार मॅजिस्ट्रेटकडे करायची असते. बहिणीला जमत नसेल तर तिच्या वतीने आई, वडील, भाऊ, बहीण कुणीही करू शकतं, म्हणजे तुम्ही स्वतः करू शकता. पोटगीचा अर्ज वेगळा आणि लगेच करा, या तक्रारीच्या निकालाची वाट बघू नका, मुलांची फी थांबत नाही. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून वेगळं राहून पोटगी मागायचा हक्क तिला कायद्यातच दिलाय. घटस्फोट हवा असेल तर त्याचं धर्मांतर हे तिच्यासाठी कारण आहे, त्याच्यासाठी नाही. हवाच असेल तर असं म्हणते मी, तिच्यावर घाई करू नका, ती ठरवेल.

प्रश्न: आम्ही गोंयचे, फोंड्याकडले. आमच्या आजोबांच्या पिढीन शुद्धी जाली, आमकां नवहिंदू गावडे म्हणतात. माझ्या भावाची सोयरीक एका मराठा घरात जुळत होती, आमचं मूळ कळल्यावर मोडली. शंभर वर्षां जायत आली तरी आमी अजून नवेच? आणि गोव्यात कुठला कायदा लागतो तेही सांगा. – एक वाचक, फोंडा

उत्तर: तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं आणि पोटात तुटलं. इतरांसाठी थोडं सांगते. १९२८ मध्ये साताऱ्याकडच्या मसूरचे विनायक महाराज मसूरकर गोव्यात गेले आणि त्यांनी हजारो ख्रिस्ती गावड्यांना परत हिंदू करून घेतलं. पोर्तुगीज सरकारने त्रास दिला, चर्चने विरोध केला. आपल्याकडे वर्तमानपत्रांतून केवढं कौतुक झालं. आणि मग? रोटी-बेटी व्यवहाराला कुणी पुढे आलं नाही. ख्रिस्ती गावडे तिकडे राहिले, आधीचे हिंदू गावडे इकडे, आणि मध्ये हे नवहिंदू, लग्नं आपसातच. शुद्धी झाली, सोयरीक झाली नाही.

गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की त्याच १९२८ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन बाईंशी लग्न केलं. त्यांना शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी नाशिकला हिंदू करून घेतलं, शर्मिष्ठा नाव ठेवलं, धनगर समाजाने त्यांना आपलं मानलं. विरोध झाला पण लग्न लागलं आणि त्या महाराणी म्हणून राहिल्या. अमेरिकेची बाई चार दिवसांत सामावली जाते आणि शेतात राबणारा, इथल्याच मातीतला गावडा तीन पिढ्या बाहेर राहतो, यावरून मला एवढंच दिसतं की अडचण कधीच धर्माची नव्हती, जातीची होती. परत या म्हणून हाक मारणाऱ्यांनी आधी आपल्या मुलीचं नाहीतर मुलाचं लग्न त्या घरात लावायची तयारी ठेवली पाहिजे, नाहीतर हाक मारू नये. तुमच्या भावाला सांगा, मोडली ते बरंच झालं म्हणून नाही, पण त्या घराने स्वतःचं नुकसान करून घेतलं.

कायदा: गोव्यात हिंदू विवाह कायदा नाही, पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, सगळ्या धर्मांना नोंदणीचं लग्न. धर्म बदलायची गरज मुळातच नाही. पहिली सही झाली म्हणजे लग्न झालं असं अनेकांना वाटतं, तसं नाहीये, दुसरी सही करायला ठरलेल्या मुदतीत परत जावं लागतं, ती विसरू नका. आधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांची मिळकत एकत्र धरतात आणि दोघांचा अर्धा अर्धा हक्क. हे चांगलं आहे. चांगलं नाही ते पोर्तुगीज सरकारच्या १८८० च्या हुकुमातलं, हिंदू पुरुषाला बायकोला पंचविशीपर्यंत मूल नसेल किंवा तिशीपर्यंत मुलगा नसेल तर दुसरं लग्न करायची सवलत. वापरात नाही म्हणतात, पण कागदावर का असावी, काढून टाकायला हवी.

प्रश्न: तुमचं सगळं लिखाण हिंदूंनीच सुधारा असं असतं. आमच्या मुलींना फसवून धर्म बदलायला लावतात त्यावर गप्प. धर्मांतरबंदीचे कायदे कडक झालेच पाहिजेत. – एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर: सर, गप्प नाही. नाव लपवून, आधीचं लग्न लपवून, धमकी देऊन जर कुणी मुलीशी लग्न करत असेल तर तो गुन्हेगार आहे, कुठल्याही धर्माचा असो, आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. जबरदस्तीने किंवा फसवून धर्म बदलायला लावायचा हक्क कुणालाही नाही हे सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच स्टॅनिस्लॉस केसमध्ये सांगितलंय. पण सज्ञान मुलीने विचार करून घेतलेला निर्णय हा फसवणूक नाही, तो तुम्हाला मला आवडो न आवडो, केरळच्या हादियाच्या केसमध्ये २०१८ ला कोर्टाने हेच सांगितलं.

आता माझं म्हणणं जरा शांतपणे ऐका, कारण तुमची काळजी खरी आहे असं मी धरूनच बोलतेय. लग्नासाठीची धर्मांतरं इतकी का होतात? माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांचं एक कारण जवळपास कायम असतं, ती तीस दिवसांची नोटीस. विशेष विवाह कायद्याखाली गेलं की नाव, पत्ता बोर्डावर लागतं, कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपला टाकतं, घरी कळतं, मारहाण होते, मुलीला गावी नेऊन कोंडतात. आणि धर्म बदलला की संध्याकाळपर्यंत लग्न. मग जोडपी काय करणार, कोण जवळच्या संस्थेत जाऊन शुद्धी करून घेतं, कोण कलमा पढतं, श्रद्धा कुणालाच नसते. म्हणजे धर्म न बदलता करायच्या लग्नाचा रस्ता आपणच अवघड करून ठेवलाय, आणि मग लोक धर्म बदलतात म्हणून कायदा मागतोय. अलाहाबाद हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की जोडप्याची इच्छा नसेल तर ही नोटीस प्रसिद्ध करू नये. हे सगळ्या देशात व्हायला पाहिजे. तुम्हाला लग्नासाठीची धर्मांतरं कमी व्हायला हवी असतील तर ही मागणी तुम्ही करा, मी तुमच्या निवेदनावर पहिली सही करते.

आणि हिंदूंनीच का सुधारायचं? कारण मी हिंदू आहे, माझं घर मी झाडणार. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री नावाचा मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला, कोर्टाने आईबापांकडे परत दिला, बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्या म्हणून झटले, तर त्रास मिशनऱ्यांनी कमी आणि आपल्याच शास्त्रीमंडळींनी जास्त दिला. १८७३ मध्ये सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्न लावलं, तर पुढे जुन्नरकडच्या अशा लग्नावरून आमची दक्षिणा बुडाली म्हणून कोर्टात दावे झाले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, कायदा १८५६ पासून होता, तरी मुरुडला त्यांच्यावर बहिष्कार. तेव्हाही लोक विचारायचे, आपणच का? ती माणसं ऐकत बसली नाहीत म्हणून आज तुमच्या माझ्या घरातल्या बायका माणसासारख्या जगतायत. सर, तुम्ही शिक्षक होता, वर्गात हा इतिहास तुम्हीच शिकवला असेल.

प्रश्न: मुलीने आंतरजातीय लग्न केलं म्हणून आमच्या जातपंचायतीने दंड मागितलाय, नाही दिला तर मयताला कुणी येणार नाही म्हणतात. – एक वडील

उत्तर: दंड देऊ नका, एक रुपया पण देऊ नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य आहे, २०१६ चा कायदा, ३ जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, फोनवर धमकी आली तर रेकॉर्ड करून ठेवा. ठाण्यात टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. अंधश्रद्धा निर्मूलनचे कार्यकर्ते बऱ्याच जिल्ह्यांत अशा केसमध्ये सोबत येतात, एकटे जाऊ नका.

प्रश्न: माझी मुलगी ख्रिस्ती झाली. तिला वडिलांच्या मिळकतीत हिस्सा आहे का? – बेळगावहून

उत्तर: आहे. धर्म बदलला म्हणून वारसा जात नाही, हे १८५० पासून कायद्यात आहे. मात्र धर्मांतरानंतर तिला झालेल्या मुलांना तुमच्याकडच्या हिंदू नातेवाईकांचा वारसा आपोआप मिळत नाही, वारसा उघडतो त्या वेळी ती स्वतः हिंदू असतील तरच मिळतो. नातवंडांना द्यायचं असेल तर मृत्युपत्रात त्यांच्या नावाने लिहा. हाताने लिहिलेलं चालतं, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांनीही तुमच्यासमोर सही केली पाहिजे.

प्रश्न: देवळातून लग्नाचं सर्टिफिकेट मिळालं, तेवढं पुरतं का? – पिंपरी

उत्तर: नाही. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की विधी झालाच नसेल तर नुसत्या सर्टिफिकेटने किंवा नोंदणीनेही हिंदू लग्न होत नाही. दोघंही हिंदू असाल आणि विधी खरोखर झाला असेल तर फोटो, पत्रिका, दोघांचे वयाचे दाखले, आधार, तीन साक्षीदार आणि विधी लावणाऱ्या गुरुजींची सही घेऊन महापालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात जा. विधी झालाच नसेल तर विशेष विवाह कायद्याची नोटीस उद्याच द्या.